मे महिन्याचा हिशोब

मे महिन्यातला दुसरा शनिवार घ्या. मालवण, वेंगुर्ले, गुहागर, श्रीवर्धन, मुरुड, गाव कुठलंही चालेल. चाकरमानी आलेले असतात, वर्षभर कुलूप असलेली घरं उघडलेली असतात. पर्यटकांच्या गाड्यांनी नाका तुंबलेला असतो आणि त्यातून आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो वाट काढत असतो. १ जूनला मासेमारी बंद होणार म्हणून होड्यांचे शेवटचे फेरे चाललेले असतात. विहिरींनी तळ गाठलेला असतो. नेमक्या ह्याच आठवड्यात बाजारातला मुख्य रस्ता खणलेला असतो, कारण मार्चअखेरीला आलेला निधी पावसाच्या आत संपवायचा असतो.

कोकणातल्या किनाऱ्यावरच्या शहराला वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा ह्या पाच-सहा आठवड्यांत मिळतो आणि शहराची सगळी दुखणीही ह्याच आठवड्यांत वर येतात. म्हणून पालिकेच्या निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवारांना विकासाबद्दल काय वाटतं हे जाणून घ्यायचं, तर त्यांना मे महिन्याबद्दल विचारावं असं मला वाटतं. रोजगार आणू, पर्यटन वाढवू हे सगळेच म्हणतात. मे महिन्यात गावाला पाणी किती लागतं, हे विचारल्यावर बोलणं कुठे जातं ते बघावं.

आधी पालिकेच्या हातात काय आहे ते नीट समजून घ्यायला हवं. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली बारावी अनुसूची आली. तिच्यातल्या अठरा विषयांपैकी तिसराच विषय आर्थिक आणि सामाजिक विकासाच्या नियोजनाचा आहे. कागदावर अधिकार मोठा दिसतो. प्रत्यक्षात मालवणला उभं राहून बघितलं तर सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, बंदर आणि जेट्टी सागरी मंडळाकडे, मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय खात्याकडे, वीज महावितरणकडे आणि एसटी महामंडळाकडे. जिल्ह्यात रिफायनरी यावी की न यावी, हेही पालिकेच्या सभेत ठरत नाही. पालिकेकडे उरतो तो जेट्टीपासून स्टँडपर्यंतचा रस्ता, त्याच्या कडेचं गटार, मासळी बाजार, भाजी मंडई, नळ, कचरा, बांधकामाची परवानगी आणि घरपट्टी. हे थोडं वाटतं, पण किल्ला बघून परतलेलं कुटुंब तास दोन तास गावात थांबतं की गाडीत बसून निघून जातं, ते ह्याच टप्प्यात ठरतं. ते थांबलं तर चहावाल्यापासून खाजावाल्यापर्यंत सगळ्यांची विक्री होते. त्या रस्त्यावर सावली, स्वच्छ संडास आणि चालायला मोकळी कड असणं हे पालिकेचं आर्थिक धोरण आहे.

आता पाणी. शहरी योजनांमध्ये माणशी रोज १३५ लिटर हे प्रचलित मोजमाप धरतात. समजा शहराची लोकसंख्या २०,००० आहे. रोजची गरज झाली २७ लाख लिटर. मे महिन्यात चाकरमानी आणि पाहुणे मिळून आणखी ८,००० माणसं आली तर १० लाख ८० हजार लिटर वाढले. इथे बहुतेक उमेदवार नवीन धरण, नवीन योजना, नवीन टाकी असं बोलू लागतात. पण जुन्या नळयोजनेत गळती ३० टक्के असेल, तर घरांपर्यंत २७ लाख लिटर पोचवायला टाकीतून साडेअडतीस लाख लिटर सोडावे लागतात. म्हणजे रोज साडेअकरा लाख लिटर पाणी जमिनीत जातं. मे महिन्यात आलेल्या सगळ्या पाहुण्यांना पुरून उरेल इतकं पाणी आपल्याच रस्त्यांखाली मुरत असतं. हिशोबातले आकडे गृहीत धरलेले आहेत, आपापल्या गावाचे आकडे घालून तो कुणालाही करता येईल. पालिकेने ते आकडे मोजलेले असले पाहिजेत, एवढीच अट आहे.

मोजायचं कसं, तेही अवघड नाही. उद्भवावर, म्हणजे पाणी उचलतो त्या ठिकाणी, एक मोठा मीटर, जलशुद्धीकरण केंद्राबाहेर दुसरा, प्रत्येक जलकुंभाच्या तोंडाशी एकेक. मग एक भाग निवडून त्याचे बाकीचे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान पाणी सुरू ठेवून मीटर वाचायचा. त्या वेळी कुणी नळ उघडत नाही. तरीही मीटर फिरत राहिला तर ती गळती. आपल्याकडे ती मोठ्या वाहिनीच्या मधोमध कमी आणि घरजोडणीच्या फेरूलपाशी (वाहिनीला घराचा पाइप जोडणाऱ्या तोटीपाशी), सांध्यापाशी, गटारातून नेलेल्या जुन्या पाइपात जास्त सापडते. गटारातल्या पाइपाचं दुखणं दुहेरी आहे. पाणी सुटलेलं असतं तेव्हा ते बाहेर गळतं आणि पाणी बंद झाल्यावर रिकामा पाइप गटारातली घाण आत ओढतो. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात सकाळी पहिली बादली गढूळ येते तिचं एक कारण हे असतं.

एवढ्या पावसाच्या प्रदेशात पाणी कमी पडतं ह्याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र आहे, डोंगरउतार आणि समुद्र ह्यांत अंतर थोडं. पावसाचं पाणी जांभ्यातून पाझरतं आणि काही महिन्यांत खाडीला मिळतं. मार्चनंतर हॉटेलांसाठी आजूबाजूच्या वाड्यांतून टँकर भरायला लागले की खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात. गोडं पाणी उपसून खाली गेलं की खारं आत सरकतं, आणि एकदा सरकलं की ते मागे लोटायला पुढचा पावसाळा लागतो. त्यावर एक स्वस्त उपाय पालिकेच्या आवाक्यातला आहे. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, उत्तरेकडे ज्याला पऱ्या म्हणतात त्याला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धार थोडी कमी झाली की वनराई बंधारे घालायचे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडं शिवायची, विटांसारखी सांधेमोड करून रचायची, मधल्या पोटात चिकणमाती दाबायची. डिसेंबर-जानेवारीत घातले तर अडवायला पाणीच उरलेलं नसतं. मे अखेरीला ते काढले नाहीत, तर पहिल्या पुरात गोण्या वाहून जाऊन खाली रस्त्याच्या मोरीत अडकतात. जे उमेदवार हा बंधारा कुठल्या व्हाळावर, कुठल्या महिन्यात घालणार हे सांगू शकतात, त्यांच्याशी पुढे बोलावं.

रस्त्यांचं वेळापत्रकही असंच उलटं पडलेलं आहे. गरम डांबर ओल्या खडीला धरत नाही, म्हणून कोकणात मे संपला की डांबरीकरण थांबतं. काम नीट व्हायचं तर ऑक्टोबरात निविदा, नोव्हेंबरात कार्यादेश आणि फेब्रुवारीपर्यंत रस्ता पूर्ण, असा क्रम हवा. प्रत्यक्षात निधी मार्चमध्ये येतो, एप्रिल कागदांत जातो आणि मेच्या शेवटच्या पंधरवड्यात रात्री दिवे लावून रोलर फिरतो. साइडपट्टी भरायला आणि गटाराचा उतार बघायला वेळच राहत नाही. रस्त्याची कड उघडी राहिली की जूनचं पहिलं पाणी तिथून आत शिरतं आणि गणपतीपर्यंत खड्डे पडतात. त्यात पाणीपुरवठा विभागाला डांबर टाकून झाल्यावर पाइप आठवला तर नव्या रस्त्यावर चर पडतो. हे टाळायला पैसा लागत नाही. पाणी, गटार, केबल ह्यांची कामं आधी आणि डांबर शेवटी, असा एक रस्तानिहाय तक्ता सप्टेंबरात मंजूर करून ठेवावा लागतो. नालेसफाईचंही तेच. मे महिन्यात काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या सरीत तो पुन्हा नाल्यात जातो. गाळ काढण्याच्या बिलाइतकंच तो वाहून नेल्याचं बिल महत्त्वाचं.

पर्यटन वाढवू म्हणणाऱ्यांनी संडासाच्या टाकीबद्दल बोलायला लाजू नये. किनाऱ्यावरच्या आपल्या लहान शहरांत भुयारी गटार क्वचितच आहे, सगळं सेप्टिक टँकवर चाललंय. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. उपसली नाही तर तळाचा गाळ वाढत जातो, सांडपाण्याला टाकीत थांबायला जागा उरत नाही आणि घाण तशीच शोषखड्ड्यात उतरते. तिथून जांभ्याच्या भेगांतून विहिरीत, नाहीतर व्हाळातून थेट किनाऱ्यावर. चार खोल्यांचं घर लॉज झालं तरी खालची टाकी बऱ्याचदा आधीच्या चार माणसांच्या मापाचीच राहते. वाई आणि सिन्नर इथे तक्रार येण्याची वाट न बघता ठरलेल्या क्रमाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू झाली आहे. कोकणात ती आणायची तर हिशोब थोडा बदलतो. समजा ५,००० मालमत्ता आहेत आणि तीन वर्षांत प्रत्येकीची पाळी यायला हवी. वर्षाला झाल्या साधारण १,६६७. पावसाचे चार महिने जमीन भरलेली असते, आडवाटांवर टँकर जात नाही, म्हणून कामाचे दिवस २०० च्या आसपास धरा. रोज आठ-नऊ टाक्या. एका टँकरच्या दिवसाला तीन खेपा झाल्या तर तीन टँकर लागतील, तेही लहान, कारण पाखाडीच्या, म्हणजे अरुंद पायवाटेच्या, तोंडाशी मोठी गाडी वळत नाही. आणि उपसलेला मैला टाकायचा कुठे, ह्याचं उत्तर आधी हवं. प्रक्रिया केंद्राविना टँकर घेतले तर मैला रात्रीच्या अंधारात खाडीत रिकामा होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात आपल्यासारख्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. ती आपल्या गावात कशावर गेली, हे विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

कचऱ्यावर जास्त लिहीत नाही, कारण वेंगुर्ल्याने ते करून दाखवलं आहे. वीसपेक्षा जास्त प्रकारांत कचरा वेगळा करायचा, प्लास्टिकचा चुरा डांबरात वापरायचा, ओल्या कचऱ्याचा बायोगॅस करायचा, हे आपल्याच किनाऱ्यावरच्या एका लहान पालिकेने केलं. दुसऱ्या राज्यात अभ्यासदौरा काढण्याआधी तिथे एक दिवस घालवावा.

मासळी बाजाराबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. तिथे बायकांच्या हातात रोजचा रोख पैसा येतो आणि तो संध्याकाळपर्यंत गावातल्याच किराणा दुकानात, शाळेच्या फीत, भिशीत जातो. ह्या बाजाराच्या इमारती मात्र मासे न विकणाऱ्या माणसांनी आखलेल्या असतात. दुमजली इमारत, वर मासळी, खाली गाळे. गिऱ्हाईक पिशवी घेऊन जिना चढत नाही, म्हणून बायका पुन्हा रस्त्यावर येऊन बसतात आणि मग अतिक्रमण हटाव पथक येतं. फरशी गुळगुळीत, त्यावर पाय घसरतो. उतार नसल्याने पाणी ओट्याखाली साचतं. गटारावर जाळी नसते, खवले आणि पोटं आत जाऊन आठवडाभरात गटार तुंबतं. मासे कापायच्या दोन ठोकळ्यांना मिळून एकच नळ असतो.

आणि बर्फ. बांगडा उन्हात तासाभरात मऊ पडू लागतो, दुपारपर्यंत पोट फुटतं. आपल्या हवेत एक किलो माशाला एक किलो बर्फ हे प्रमाण सांगतात, ते उगीच नाही. दहा किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच सव्वातीन-साडेतीन किलो बर्फ वितळतो. बाकीचा बर्फ दिवसभराच्या उकाड्याशी झुंजत असतो. लादी फोडून मोठे तुकडे टाकले तर माशाला त्यांचा स्पर्श कमी होतो आणि टोकदार कडांनी कातडी फाटते. बारीक चुरा हवा. पेटीत खाली बर्फाचा थर, मग मासे, मग बर्फ, सगळ्यात वर जाड थर, आणि तळाला पाणी जायला भोक. वितळलेल्या पाण्यात बुडून राहिलेला मासा बर्फात असूनही खराब होतो. हे सगळं विकणाऱ्या बाईला ठाऊक असतं. तिच्याकडे थर्माकोलचा फुटका खोका असतो आणि बर्फाचा कारखाना बंदराजवळ, गावापासून लांब. सकाळी सुरमई ज्या भावाने गेली, तो भाव अकरा वाजता तिला मिळत नाही, कारण गिऱ्हाइकालाही मासा दाबून बघता येतो. बाजारातच बर्फ चुरायचं एक यंत्र, ओट्याखाली पाणी बाहेर सोडणाऱ्या उष्णतारोधक पेट्या आणि ओट्यावर पुरेसा उजेड एवढं पालिकेने दिलं, तर उरलेला माल पडेल भावाने फुंकायची वेळ कमी येईल. पर्यटनाच्या नावाने उभ्या राहणाऱ्या एका स्वागतकमानीपेक्षा ह्याचा उपयोग गावाला नक्की जास्त आहे.

बाजाराची रोजची फी वसूल करायचा ठेका लिलावाने देतात. ठेकेदाराने जास्त बोली लावली की ती तो टोपलीमागे वसूल करतो. मंजूर दर लावलेला फलक बाजाराच्या दारात, वाचता येईल अशा अक्षरात, आणि पावतीवर छापील रक्कम, ह्या दोन गोष्टींनी बरीच लूट थांबते. फलक आहे का, हे मतदाराला मत देण्याआधी स्वतः जाऊन बघता येतं.

भाजीचंही थोडं सांगतो. पाहुण्याच्या ताटातली सुरमई इथली, सोलकढीतलं कोकम इथलं, पण कोबी, टोमॅटो, कोथिंबीर घाट उतरून कोल्हापूर-बेळगावहून येते. ताटाचे पैसे तितके वर जातात. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका लाल माठ, चवळीच्या शेंगा, कुळथाचं पीठ, सोलं, ओले काजूगर घेऊन येतात. त्या येतात वस्तीच्या एसटीने, पहाटे गावातून सुटून सातच्या सुमाराला स्टँडवर पोचणाऱ्या गाडीने, आणि अकराच्या गाडीने परत जातात. त्यांच्यासाठी मंडईत मागच्या बाजूला राखून ठेवलेली जागा निरुपयोगी असते. त्यांना स्टँडच्या दारापाशी, सात ते अकरा ह्या चार तासांपुरती, सावलीतली जागा हवी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असायला हवेत आणि विक्री क्षेत्रं त्या समितीच्या सल्ल्याने ठरायला हवीत. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणीही सांगितली आहे. ओले काजूगर सोलून बोटांची कातडी गेलेल्या बाईला त्या समितीत खुर्ची मिळते का, ह्यावरून कायदा गावात पोचला की नाही ते कळतं.

मंडई मोठी करू, वाहनतळ करू असं ऐकलं की विकास आराखडा उघडून बघावा. त्यात त्या कामासाठी जागेचं आरक्षण असतं, पण प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. पालिका गप्प बसल्याने कितीतरी मंडया आणि बागा अशा गेल्या. उमेदवारांनी आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी आणि प्रत्येकाची तारीख खिशात ठेवावी.

नदीकाठच्या शहरांत आर्थिक विकासाची सुरुवात पुराच्या इशाऱ्यापासून होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेचं जे झालं ते सगळ्यांना आठवतंय. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी येतं, वरून पाऊस आणि खालून भरती, तिन्ही एका वेळी आले की पाणी काही तासांत दुकानात असतं. राजापूरच्या जवाहर चौकातले व्यापारी पावसाळाभर त्याच धास्तीत असतात. दोन तास आधी कळलं तर कापडाचे तागे माळ्यावर जातात, धान्याची पोती निदान निम्मी वाचतात. भरतीची वेळ, नदीची पातळी आणि वरचा विसर्ग एकत्र वाचून भोंगा वाजवणारा माणूस रात्री तीनला जागा असणं, आणि त्या भोंग्याला वीज गेल्यावरही बॅटरी असणं, हे व्यापाऱ्यांसाठी कुठल्याही अनुदानापेक्षा मोलाचं आहे.

ह्या सगळ्याला पैसे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. अंदाजपत्रक हातात आलं की शिल्लक किती दाखवली आहे ते बघून थांबू नये. त्यात मागच्या वर्षीची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाची सुधारित आणि पुढच्या वर्षीची अंदाजित असे रकाने असतात. घरपट्टी-पाणीपट्टीची अंदाजित रक्कम दरवर्षी फुगलेली आणि प्रत्यक्ष रक्कम तिच्या खाली राहिलेली दिसली, तर ती शिल्लक कागदावरची आहे. थकबाकीत मोठा भाग बंद घरांचा असतो. सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर वीस-पंचवीस नावं, वारस मुंबईत, बिल कुणाला द्यायचं तेच ठरलेलं नसतं. ही माणसं मे महिन्यात गावात असतात. मे महिन्यात संध्याकाळी वाडीवाडीत वसुलीचं टेबल मांडलं, तिथेच नळजोडणी आणि घरगुती निवासाच्या परवानगीचे अर्ज ठेवले, तर वसुली होते आणि चार बंद घरांत पाहुणेही येऊ लागतात. मात्र घरातल्या दोन खोल्या दिल्या म्हणून अख्ख्या घराला बिगरनिवासी दर लावला, तर लोक नोंद न करता व्यवसाय करतात आणि पालिकेला दोन्हीकडून काही मिळत नाही. दर तेवढ्या खोल्यांपुरता असावा, हे सभेत आग्रहाने मांडणारा नगरसेवक हवा.

मग ३१ मे येतो. होड्या वर ओढल्या जातात, शाकारून झावळ्यांखाली जातात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. मासळी बाजारात सुकं आणि खाडीचं थोडं उरतं. बऱ्याच ओट्यांवर कुणी बसत नाही. ठेकेदाराची फी मात्र ठेक्याप्रमाणे चालू राहते, आणि दोन महिने रिकामा दिसलेला ओटा ऑगस्टमध्ये दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. ह्यावर दोन ओळींचा ठराव पुरतो. बंदीच्या काळात ओट्याची फी माफ, आणि ज्या बाईची नोंद आहे तिचा ओटा नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्याच नावावर. त्याने पालिकेचं उत्पन्न किती कमी होईल तो आकडा लेखापाल पाच मिनिटांत काढून देईल. मत मागायला आलेल्या उमेदवारांनी तो आकडा काढून आणलेला असावा.